चाळीस बसवा, मॅडम

आमच्या फार्मसी कॉलेजात शिक्षकांनी भरायचा वर्षअखेरीचा स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म यंदा पहिल्यांदाच ऑनलाइन भरायचा होता. कागदावर होता तेव्हा बरं होतं. रकान्यांत काहीही लिहा, बेरीज कुणी करत नसे. नव्या फॉर्मात ‘आठवड्यातील कामाचे तास’ असं एक स्वतंत्र पान आणि त्यावर ओळीनं चौकोन : अध्यापन, प्रॅक्टिकल, संशोधन, समित्यांचं काम, विद्यार्थी मार्गदर्शन, इतर. मी आपली आठवून आठवून आकडे टाकत गेले. मुलांना शिकवायला हॉस्पिटलच्या वॉर्डात घेऊन जाते, त्याला चौकोनच नव्हता, म्हणून ते तास ‘इतर’मध्ये घातले आणि बटण दाबलं. लगेच लाल अक्षरं उमटली, की एकूण तास ४० पेक्षा जास्त असू शकत नाहीत. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. शेवटी आस्थापना विभागातल्या काकांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, स्क्रीनकडे पाहिलंही नाही. ‘‘मॅडम, चाळीस बसवा. बाकीचं देवाला.’’

गंमत म्हणजे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमात लिहिलंय की शिक्षकाचं काम आठवड्याला ४० तासांपेक्षा कमी नसावं. त्यातले सहायक प्राध्यापकांनी १६ आणि सहयोगी किंवा त्याहून वरच्यांनी १४ तास प्रत्यक्ष शिकवण्याचे. खालची मर्यादा होती ती फॉर्म बनवणाऱ्या कुणा पोरानं वरची करून टाकली. पण त्याच्याशी भांडायला मार्चअखेरीला कुणाला वेळ असतो? मी कापायला बसले. लेक्चर कापता येईना, टाइमटेबल आहे. प्रॅक्टिकलला हजेरीपट आहे. समित्यांना मिनिट्स आहेत, खाली सगळ्यांच्या सह्या. मेंटॉर म्हणून मुलांशी बोललं तरी त्याचा कागद असतो. संशोधनाचे पेपर छापून आलेले आहेत. हल्ली पुराव्यावाचून काही खरं मानायचं नाही असा दंडक आहे. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी झाड लावलं तरी अक्षांश-रेखांश उमटलेला फोटो लागतो. वॉर्डात मात्र फोटो काढता येत नाही. काढूच नये. आजारी माणसाच्या खाटेशी उभं राहून कसला फोटो काढायचा? तेव्हा ज्याचा पुरावा नव्हता तेच कापलं गेलं. बेरीज चाळीस झाली आणि फॉर्म निमूट गेला.

मला मात्र ते काही केल्या पचेना.

मी मुळातली गोळ्या बनवणाऱ्यांतली. बी. फार्मला आमचा जीव प्रयोगशाळेत रमायचा. गोळी विरघळायला किती वेळ घेते हे पाहायचा एक प्रयोग असतो. काचेच्या भांड्यात ९०० मिलि द्राव, तापमान बरोबर ३७ अंश, मिनिटाला ५० फेरे घेणारं वल्हं. ठरलेल्या मिनिटाला पिपेट बुडवायची, ५ मिलि काढायचं, तेवढंच ताजं परत घालायचं. घड्याळाकडे बघत चौघीजणी उभ्या, कुणी शिंकलं तरी दचकायचं. वेळेचे असे सारखे तुकडे पाडता येतात आणि प्रत्येक तुकड्यापुढे एक आकडा लिहिता येतो, यात एक मोठं समाधान होतं. त्याच समाधानाच्या बळावर मी नोकरीला लागले आणि काही वर्षं तोच प्रयोग शिकवलाही. २००८ मध्ये फार्मसी कौन्सिलनं फार्म डी सुरू केलं. सहा वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटचं वर्ष हॉस्पिटलात इंटर्नशिप. सहा महिने मेडिसिनला आणि दोन-दोन महिने आणखी तीन विभागांत. पुढं आमच्याकडेही तो आला. शिकवणार कोण? क्लिनिकल फार्मसी, म्हणजे पेशंटच्या खाटेशी राहून करायचं औषधांचं काम, शिकलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हैसूर आणि उटीला नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एम. फार्मचा तो विषय सुरू झाला होता, तिथून शिकून आलेले थोडे. बाकी आम्ही, गोळ्यांच्या मशीनकडून माणसांच्या खाटांकडे वळवलेले.

वॉर्डातलं घड्याळ वेगळ्याच माणसाच्या हातात असतं. राउंड नऊला असतो म्हणजे मुलं आठला आलेली असतात. खाटेपाशी जाऊन केस पेपर बघायचा, ट्रीटमेंट चार्ट उतरवायचा, रात्रीतून काय बदललं ते सिस्टरांना विचारायचं. त्या वेळी त्यांची सकाळच्या इंजेक्शनांची घाई असते, ट्रेमध्ये अँप्युल खणखणत असतात, फिनाइलनं पुसलेली ओली फरशी आणि त्यावरून डबे घेऊन येणारे नातेवाईक. ‘‘ए पोरींनो, भिंतीकडेनं उभ्या राहा गं,’’ असं मावशी रोज म्हणतात. नऊ वाजतात. साडेनऊ. मोठे डॉक्टर अतिदक्षता विभागात अडकलेत असा निरोप येतो. पाय दुखायला लागतात, कारण आम्हाला तिथं खुर्ची नाही. खुर्ची नाही हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, फर्निचरची यादी म्हणून सांगते. डॉक्टरांची आहे, सिस्टरांची आहे, वॉर्डबॉयचं स्टूल आहे. औषधांची मास्तरीण आणि तिच्या पोरी भिंतीकडेनं.

पण शिकवणं होतं ते याच भिंतीकडेनं. डॉक्टर आल्यावर पंधरा मिनिटांत सहा खाटा होतात, तेव्हा आम्ही फक्त ऐकून घेतो. त्याआधीच्या ताटकळण्यात मी विचारते, ‘‘पाच नंबरच्या आजी थायरॉइडची गोळी कधी घेतात?’’ मुलगी वहीत बघून सांगते, ‘‘सकाळी उपाशीपोटी, मॅडम.’’ ‘‘वहीत नको. आजींना विचार.’’ आजी सांगतात, सकाळी उठल्याबरोबर चहासंगट. आणि हाडांची पण गोळी त्याच घोटात, पुन्हा पुन्हा पाणी कोण पिणार? चहा आणि कॅल्शियम दोन्ही त्या गोळीला अंगी लागू देत नाहीत हे मुलीनं परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले असतात. पण पुस्तकातली ओळ अशी नऊवारी नेसून, दात नसलेल्या तोंडानं समोर हसली की ती पुन्हा विसरली जात नाही. आता ही मिनिटं टाइमटेबलात कुठे आहेत? डॉक्टर वेळेवर आले असते तर झालीच नसती.

एक बाई आल्या होत्या जतकडच्या. तोंड आलंय, गिळवत नाही, ताप आहे. आल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं नेहमीचं तोंड येणं, जीवनसत्त्वांची कमतरता. रक्ताचा रिपोर्ट आला तर पांढऱ्या पेशी फार खाली. माझ्या पाचव्या वर्षाच्या मुलीनं त्यांच्या उशाखालची प्लॅस्टिकची पिशवी मागितली. खेड्यातून आलेल्या प्रत्येक पेशंटकडे अशी एक पिशवी असते, तिच्यात जुने कागद, स्ट्रिपांचे कापलेले तुकडे, देवाचा अंगारा. त्यात मेथोट्रेक्सेट निघालं. आमवातासाठी कुठल्याशा दवाखान्यानं दिलेलं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चिठ्ठीवर तसं लिहिलंही होतं, पण इंग्रजीत, आणि घरात बीपीची गोळी रोज, साखरेची गोळी रोज, म्हणून ही पण रोज. कॅन्सरलाही मोठ्या मात्रेत वापरतात ते हे औषध. रोज पोटात जाऊ लागलं की तोंडाची कातडी सोलते आणि हाडांच्या मगजाला रक्त बनवणं झेपेनासं होतं. मुलीनं स्ट्रिपमधली रिकामी घरं मोजली, तारखेशी ताडली आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. ‘‘रेसिडेंट डॉक्टरांना तू सांग,’’ एवढंच म्हटलं. मेथोट्रेक्सेट बंद झालं, त्यावरचा उतारा म्हणून फोलिनिक अॅसिड सुरू झालं, आणि बाई सुधारल्या. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही खाटेवर त्यांच्या शेजारी बसलो. पुढं डॉक्टरांनी ती गोळी पुन्हा दिलीच तर ती कधी घ्यायची? ‘आठवड्यातून एकदा’ हे त्यांच्या डोक्यात ठरेना. मग मुलीनंच विचारलं, तुमच्या गावचा बाजार कधी असतो? मंगळवारी. मग ही बाजाराची गोळी. बाजार नाही तर गोळी नाही. बाई हसल्या, तोंड अजून दुखत होतं तरी हसल्या.

आता सांगा, ही सकाळ कुठल्या चौकोनात टाकायची?

विद्यार्थिनी शिकली म्हणून अध्यापन म्हणता येईल. पेशंट घरी गेली, तेव्हा ती सेवा झाली, आणि त्या सेवेसाठी चौकोन नाही. संध्याकाळी आम्ही औषधाच्या दुष्परिणामाचा फॉर्म भरला. २०१० पासून आपल्याकडे औषधांच्या दुष्परिणामांवर पाळत ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. हे फॉर्म गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनकडे जातात आणि तिथून स्वीडनमधल्या उप्साला गावी, जिथं जगभरचे असे अहवाल जमतात. त्या बाईंचं नाव तिकडे जात नाही, आद्याक्षरं जातात. दोष औषधाचाच कशावरून, हे ठरवायला नारांजो नावाच्या माणसानं १९८१ मध्ये दहा प्रश्नांची एक यादी केली होती, ती मुलीनं बाकावर बसून सोडवली. औषध बंद केल्यावर सुधारणा झाली का? होय. इतर कुठल्या कारणानं असं झालं असेल का? इथं ती बराच वेळ पेन चावत बसली. तेव्हा हे संशोधनही झालं. एकाच वेळी तीन कामं आणि प्रत्येकाच्या मागे चाळीसमधला एकही तास नाही. उलटही करता येतं म्हणा : तोच एक तास तिन्ही चौकोनांत टाकायचा. असं करणारे सहकारी मला माहीत आहेत आणि त्यांना मी नावं ठेवत नाही.

आमच्या कामाची एक भाषा आहे, ती शिकवायलाही वेळ लागतो. डॉक्टरांना काही सुचवायचं तर ‘‘सर, एक शंका होती,’’ अशी सुरुवात करायची. माहिती पक्की असली तरी शंकाच. सत्तर वर्षांचे एक आजोबा, वजन ५०, क्रिएटिनिन २, फुप्फुसात जंतुसंसर्ग, मेरोपेनेम नावाचं अँटिबायोटिक दर आठ तासांनी एक ग्रॅम. मूत्रपिंडं किती काम करतात ते काढायचं कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्टचं १९७६ चं सूत्र मुलानं मांडलं : एकशे चाळीसमधून वय वजा, गुणिले वजन, भागिले क्रिएटिनिनची बहात्तर पट. उत्तर आलं २४ च्या आसपास. या मूत्रपिंडांना अर्धा डोस, तोही बारा तासांनी, असं पुस्तक सांगतं. मुलगा आठवडाभर कशाची तरी वाट बघत असावा तसा पुढे सरसावला, ‘‘सर, एक शंका होती.’’ डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ‘‘बरोबर काढलंस. पण आज आजोबा कुठल्या अवस्थेत आहेत ते बघ. पहिले दोन दिवस औषध कमी पडलं तर मूत्रपिंडं वाचवून करायचं काय? परवा क्रिएटिनिन बघू, मग कमी करू.’’ मुलाचा चेहरा पडला. मला मात्र त्या दिवशी राउंडच्या तीन मिनिटांत जे मिळालं ते वर्गात एका सत्रात देता आलं नसतं : सूत्र चुकत नाही, पण सूत्राला पेशंटची आजची अवस्था माहीत नसते. नोंदवहीत ती सूचना ‘अमान्य’ म्हणून गेली. आमच्या विभागाची कामगिरी मान्य सूचनांच्या टक्क्यांवर मोजतात, तेव्हा त्या महिन्यात आमचा आकडा घसरला.

वॉर्डातलं आमचं हे पाहुणेपण काही फक्त आपल्याकडचं नाही. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावरच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात फार्मासिस्ट चोवीस तास नेमून बघितले, तिथून या सगळ्याची सुरुवात मानतात. त्यांनाही आधी कुणी जागा मोकळी करून दिली नसणार. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता अमेरिकेत शिकवते. तिच्या पगाराचा एक हिस्सा कॉलेज देतं, एक हिस्सा हॉस्पिटल, आणि करारातच लिहिलंय की किती टक्के वेळ क्लिनिकमध्ये, किती वर्गात, किती संशोधनात. रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या क्लिनिकात ती डॉक्टरांशी झालेल्या कराराच्या आधारे वॉरफरिनचा डोस स्वतः बदलते. तिला शंका विचारावी लागत नाही. मी फोनवर म्हटलं, ‘‘सुखी आहेस.’’ ती म्हणाली, ‘‘मॅडम, क्लिनिकात पेशंट वाढले की कुणी कौतुक करतं. पण प्रमोशनच्या समितीपुढे गेले की पहिला प्रश्न पेपर किती.’’ मग आम्ही दोघी तिच्या सासूच्या गुडघ्यांबद्दल बोलत बसलो.

वॉर्डाची मी फार आरती ओवाळतेय असं वाटेल, तर तसंही नाही. कित्येक सकाळी नुसत्या वाया जातात. डॉक्टर येतच नाहीत, पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, मीही मनातल्या मनात प्रश्नपत्रिका काढत उभी असते. आणि मला वर्ग आवडतो, हे का लपवू? फळा, पंखा, समोर साठ तोंडं, दार लावून घेतलं की ५० मिनिटं माझी. फेनिटॉइन या फिटच्या औषधाचा आलेख काढून दाखवताना आजही हात सुखावतो : डोस थोडासा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम कसं उसळतं, हे खडूच्या एका वळणात दिसतं. समितीचं काम मात्र कुणालाच आवडत नसावं. तरी सगळ्यात आधी तेच होतं, कारण त्याची तारीख ठरलेली असते. पाचव्या वर्षाच्या प्रोजेक्टचे प्रबंध घरी येतात. जेवणं झाली, ओटा पुसला की टेबलावर ऐंशी-नव्वद पानांचा गठ्ठा आणि लाल पेन. मुलगा म्हणतो, आई, तुझं कॉलेज सुटतच नाही. त्या तासांचाही चौकोन नाही. पण त्यांच्याबद्दल मला कधी काही वाटलं नाही, कारण शिक्षकाचं ते पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलंय. माझ्या वडिलांनीही कंदिलाशी पेपर तपासले.

कोविडच्या वर्षी मात्र एक विचित्र गोष्ट झाली. मुलं घरी पाठवली, वॉर्ड आमच्यासाठी बंद. जे होतं ते लॅपटॉपवर. दहाला लेक्चर, बाराला सेमिनार, तीनला वेबिनार, प्रत्येकाची आपोआप उमटणारी हजेरी, स्क्रीनचे फोटो, वेळेची नोंद. एप्रिल २०२१ मध्ये माझा फोन रात्री-अपरात्री वाजायचा : ताई, रेमडेसिविर कुठं मिळंल, मॅडम, डॉक्टरांनी स्टेरॉइड लिहिलंय, साखर वाढतीय, देऊ का? जिथं कळत होतं तिथं सांगितलं, बाकी ‘‘डॉक्टरांना विचारा’’ म्हणताना जीभ जड व्हायची, कारण डॉक्टर फोन उचलत नाहीत म्हणून तर तो मला आलेला असायचा. आणि त्या वर्षीचा कागदी फॉर्म परवा कपाट आवरताना हाती लागला. सहज बेरीज केली. बरोबर चाळीस. एकाही पेशंटच्या खाटेशी उभी राहिले नव्हते त्या वर्षी, आणि हिशेब चोख.

विभागप्रमुखांना हे दाखवलं. ते म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी वॉर्डासाठी वेगळा चौकोन मागू या.’’ चांगली माणसं आहेत ते, मागतीलही. पण मग त्याचा पुरावा लागेल, पुरावा म्हणजे सही, सही म्हणजे राउंड नऊला सुरू आणि अकराला बंद असं कुणीतरी लिहून देणं. सिस्टर देतील? त्यांना त्यांचेच कागद पुरे झालेत. बाजाराची गोळी कुठल्या सहीखाली येईल हे मला कळत नाही, पण चौकोन नसला तर नव्यानं येणारी पोरगी वॉर्डात जाईलच कशाला, हेही खरंच आहे. आमच्याकडे दोन नवीन जणी लागल्यात. हुशार आहेत. एकीनं मला सरळ विचारलं, ‘‘मॅडम, प्रमोशनला वॉर्डाचे पॉइंट मिळतात का?’’ मिळत नाहीत म्हटल्यावर तिनं मान डोलावली आणि पेपर लिहायला गेली. तिचं काय चुकलं?

मुलांनाही आम्ही लॉगबुक दिलेलं आहे, त्यातही रकाने आहेतच. बहुतेक जण महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरून आणतात. एकच पेन, एकच वळण, ९ ते ११ राउंड, ९ ते ११ राउंड. गेल्या आठवड्यात एकीचं लॉगबुक सहीला आलं. त्यात एका दिवशी लिहिलं होतं : राउंड १५ मिनिटे, डॉक्टरांची वाट पाहणे ५० मिनिटे. मी तिला बोलावलं तर घाबरूनच आली. ‘‘खोडू का, मॅडम? बाहेरचे परीक्षक काय म्हणतील?’’ मी म्हटलं, खोडू नको, त्या पन्नास मिनिटांत काय केलंस ते खाली लिही. दुसऱ्या दिवशी ती चार ओळी लिहून घेऊन आली. सात नंबरच्या काकांचा इनहेलर उलटा धरला जात होता तो सरळ केला. त्यांच्या बायकोला इन्सुलिन माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायला सांगितलं, कारण घरी फ्रिज नाही. मेथोट्रेक्सेटवाल्या बाईंचा मुलगा भेटला, म्हणाला आई बरी आहे. चौथी ओळ होती, ‘पाय दुखले’. मी चारही ओळींखाली सही केली आणि परीक्षक विचारतील तेव्हा मला बोलाव म्हणून सांगितलं.